तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक: असेंबल की तयार? (प्रकल्प नोंदी, मिरज)

४ ऑक्टोबर २०२४

काम दोन प्रकारचं आहे. पहिलं, मिरजेत बनलेल्या तानपुऱ्यांचा आणि सतारींचा एकेका तारेचा आवाज वेगवेगळा मुद्रित करून ठेवायचा. प्रत्येक छेड पूर्ण विरेपर्यंत, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर. याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याचं नाव कागदावर आलं, तसा त्याचा आवाजही नीट जपून राहायला हवा. दुसरं काम साध्या बैठकीच्या रेकॉर्डिंगचं: गायक, तबला, हार्मोनियम, दोन तानपुरे, एखादं व्हायोलिन. जास्तीत जास्त १६ चॅनेल.

हाताशी असलेलं सामान: आरएमईचं रेडॅट हे संगणकाच्या आत बसणारं पीसीआय एक्स्प्रेस ऑडिओ कार्ड, आठ-आठ चॅनेलचे दोन माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे; ॲडॅट, म्हणजे एका प्रकाशकेबलवरून अनेक चॅनेल नेणाऱ्या आउटपुटवाले), आणि कोअर आय५-६५०० चा जुना टॉवर, १६ जीबी रॅम, विंडोज १०. टॉवर अजून चालतो. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो, आणि सहाव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणजे वर्षभरात मशीन बदलायचंच आहे. खर्चाची मर्यादा १,२५,००० रुपये.

प्रश्न एवढाच: सुटे भाग आणून असेंबल करायचं, की तयार घ्यायचं.

७ ऑक्टोबर

आधी जुन्या मशीनवर मोजणी. नवं काय हवं ते जुनं कुठे अडतं त्यावरून ठरवायचं. जाहिरातीतल्या कोअरच्या संख्येवरून काही ठरवायचं नाही.

डिस्कचा हिशेब सोपा. २४ बिट म्हणजे ३ बाइट. ९६,००० गुणिले ३, एका चॅनेलला सेकंदाला २८८ किलोबाइट. सोळा चॅनेलना ४.६ मेगाबाइट. तासाला साडेसोळा जीबी. जुनी फिरणारी डिस्कसुद्धा सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिते. तेव्हा ‘रेकॉर्डिंगसाठी सगळ्यात वेगवान एनव्हीएमई डिस्क हवी’ हे खरं नाही. जागा मात्र लागते, आणि बॅकअपसाठी तेवढीच जागा दुसरीकडे.

प्रोसेसर: रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगला सज्ज) करून बफर, म्हणजे संगणक एका खेपेला हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ६४ सॅम्पलवर ठेवला. नुसतं रेकॉर्डिंग तासभर अखंड चाललं, एकही टिक नाही. आठ-नऊ वर्षांचं मशीन नुसत्या रेकॉर्डिंगला आजही पुरतं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

अडलं ते वाजवताना. मुद्रित केलेल्या छेडी सॅम्पलरमध्ये (मुद्रित आवाज कीबोर्डवरून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भरून चार तारांचा तानपुरा चालवला. एक छेड विरायला दहा-पंधरा सेकंद घेते आणि तेवढ्यात पुढच्या पाच-सहा छेडी सुरू झालेल्या असतात, त्यामुळे आवाज एकावर एक साचत जातात. त्यावर कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या खोलीचा घुमारा देणारा इफेक्ट) टाकला की ६४ वर खरखर. रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये एकूण सीपीयू ३०-३५ टक्के, पण आरटी सीपीयूचा, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकण्याचा, आकडा टोकाला. कारण सरळ आहे: ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद. तेवढ्यात एका ट्रॅकवरची सगळी साखळी संपायला हवी, आणि ती साखळी एकामागून एक, एकाच कोअरवर चालते. बाकीचे कोअर रिकामे असले तरी उपयोग नाही. म्हणून नव्या मशीनमध्ये एका कोअरचा वेग आधी पाहायचा, संख्या नंतर. रॅमही १५ जीबीपर्यंत गेली. सॅम्पलचा संच मोठा होईल तशी आणखी लागेल.

१२ ऑक्टोबर

लेटन्सीबद्दल, म्हणजे आवाज संगणकातून फिरून यायला लागणाऱ्या उशिराबद्दल, दोन गोष्टी पक्क्या केल्या, कारण यावरच लोक हजारो रुपये जास्त घालतात.

आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. १० मिलिसेकंद उशीर म्हणजे वाद्य साडेतीन मीटरवर ठेवून ऐकल्यासारखं. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज एवढ्या उशिरा आला तर नक्की खटकतो. पण गायकाचा कोरडा आवाज संगणकातून फिरवायचाच कशाला? कार्डाच्या टोटलमिक्स या मिक्सरमधून तो थेट हेडफोनला जातो. बफर ६४ असो की १०२४, फरक पडत नाही. संगणकातून फक्त रिव्हर्ब परत येतो, आणि रिव्हर्बला ५-१० मिलिसेकंद उशीर झाला तर तो प्रीडिले (घुमाऱ्याआधी मुद्दाम ठेवतात तो अवकाश) म्हणून खपतो, उलट बरा वाटतो. म्हणून बैठकीच्या रेकॉर्डिंगला बफर निवांत २५६ ठेवायचा.

६४ लागतो तो कीबोर्डवरून सॅम्पल वाजवून तपासताना. तेवढ्यापुरताच.

१६ ऑक्टोबर

आजचा दिवस पंख्याच्या आवाजावर गेला, आणि तो सार्थकी लागला.

मोबाइलवरची डेसिबलची ॲप शांत खोलीत कुचकामी. फोनचा माइकच त्या पातळीला स्वतःच्या सरसराटात बुडालेला असतो. त्याऐवजी कामाचाच कंडेन्सर माइक (स्वतःचा आवाज ५ डीबीए-हून कमी) तानपुऱ्याच्या जागी ठेवला, गेन प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला लागतो तेवढा दिला, आणि खोली रिकामी करून ६० सेकंद रेकॉर्ड केलं. एकदा टॉवर चालू, एकदा टॉवर बंद आणि रेकॉर्डिंग बॅटरीवरच्या छोट्या रेकॉर्डरवर. दोन्हींचे स्पेक्ट्रम शेजारी लावले.

टॉवर चालू असताना १०५ हर्ट्झवर सरळ उभा सुळका. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याला सात पाती, फेरे मिनिटाला ९००. सात गुणिले ९०० भागिले ६०, बरोबर १०५. पात्यांचा हा सूर नेमका कुठे पडतो ते पाहा: काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात खरज (खालचा सा) ६९.३ हर्ट्झ, जोड (त्याच्या वरचा सा) १३८.६ आणि पंचम १०३.८. पंख्याचा सूर पंचमाच्या सव्वा हर्ट्झ वर. त्यामुळे पंचमाची तार विरत जाते तशी तिच्यात सेकंदाला एकदा जरा जास्त अशी हेलकाव्याची लाट ऐकू येते. आधीच्या तीन रेकॉर्डिंगमध्ये ती आहे. तेव्हा दोष जवारीला (घोडीच्या ज्या घासलेल्या भागावर तार झणकारते त्याला) दिला गेला होता, तारेखालचा दोरा दोनदा सरकवून पाहिला होता. जवारी स्वच्छ होती.

गाण्याच्या आवाजात असा सूर लो-कटने (खालचे सूर गाळणाऱ्या फिल्टरने) कापता येतो. इथे कापला तर पंचमच जातो. नॉइज रिडक्शन चालवलं तर विरणाऱ्या तारेतली सूक्ष्म स्वरांची झालर आधी खरवडली जाते, आणि तीच तर जपायची आहे. एवढ्या हलक्या आवाजाच्या वाद्यासमोर मशीनच गप्प असलं पाहिजे, दुसरा इलाज नाही.

२१ ऑक्टोबर

मशीन गप्प करायचे दोन मार्ग: शांत मशीन आणणं, किंवा आहे ते खोलीबाहेर नेणं.

रेकॉर्डिंगच्या खोलीला लागून अडगळीची छोटी खोली आहे, मधली भिंत विटांची, नऊ इंची. भिंतीला ५० मिलिमीटरचं भोक पाडून पीव्हीसी पाइप टाकला, केबल ओवल्या आणि दोन्ही तोंडांना फोम कोंबला, की पंखा संपला. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत विनातक्रार चालते. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटरची एचडीएमआय तेवढ्यात पोचतात.

आणि इथे जुन्या कार्डाची किंमत कळते. प्रीॲम्प खोलीत राहणार, कार्ड भिंतीपलीकडे टॉवरमध्ये, मध्ये फक्त ॲडॅटची ऑप्टिकल केबल. प्लॅस्टिक फायबर ५ मीटरला आरामात जाते. प्रकाशातून अर्थिंग जात नाही, म्हणजे संगणकाच्या अर्थिंगची घूं आणि माउस हलवला की येणारी चिरचिर, दोन्ही माइकच्या बाजूला पोचायची वाटच बंद. यूएसबी इंटरफेसला ही सोय नाही. त्याच्या केबलमधून ग्राउंड जोडलेलंच राहतं.

एका फायबरवर ४८ किलोहर्ट्झला ८ चॅनेल जातात, ९६ ला ४. प्रीॲम्पना प्रत्येकी दोन ऑप्टिकल आउटपुट आहेत आणि कार्डाला चार इनपुट, तेव्हा ९६ लाही पूर्ण १६ मिळतात. चार केबल ओवायच्या.

२५ ऑक्टोबर

तयार मशीनचा विचार मनापासून केला. ऑफिससाठी विकतात ते ब्रँडेड टॉवर: तीन वर्षांची जागेवर येऊन दुरुस्ती, पावती एकच, तक्रार एकाच ठिकाणी. संस्थेला हे सोयीचं. अडचण पोटात आहे. पुष्कळ मॉडेलमध्ये एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) आकार आणि कनेक्टर त्या कंपनीचेच असतात, मदरबोर्ड नेहमीच्या मापाचा नसतो, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीजबचतीच्या अर्ध्या सेटिंग दिसतच नाहीत. आवाजाच्या कामात याच सेटिंग बदलाव्या लागतात. वॉरंटीनंतर एसएमपीएस गेला तर सांगलीच्या दुकानातला नेहमीचा एटीएक्स त्यात बसत नाही.

लॅपटॉप: कार्डाला जागा नाही, पंखा माइकच्या जवळ. बाद.

‘म्युझिकसाठी खास’ म्हणून संगणक जुळवून देणारे असतात; त्यांच्या कामाची खरी किंमत भागांमध्ये नसून तपासणीत असते. ती तपासणी इथे करता येते, म्हणून वेगळे पैसे नकोत. ज्यांना करायची नाही त्यांनी जरूर द्यावेत.

३० ऑक्टोबर

काल रात्री ॲपलनं एम४ चा मॅक मिनी जाहीर केला. त्यामुळे सगळा तक्ता पुन्हा मांडला.

५९,९०० रुपयांत आता १६ जीबी आणि २५६ जीबी. आधीच्या एम२ मध्ये याच किमतीला ८ जीबी होती. पावणेतेरा सेंटिमीटरची चौकोनी डबी, एक पंखा, तो बहुतेक वेळ ऐकू येत नाही. मॅकची कोअर ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा व्यवस्थित, ड्रायव्हरची झटापट कमी. ज्याला खोलीत एक-दोन माइक, यूएसबी इंटरफेस आणि गाणं एवढंच करायचं आहे, त्यानं हाच घ्यावा, बाहेर एक एसएसडी जोडावी आणि कामाला लागावं. तेवढ्या पैशात तेवढं शांत आणि तेवढं वेगवान मशीन असेंबल होत नाही. हे स्पष्ट लिहिणं आवश्यक आहे, कारण पुढचा निर्णय उलटा आहे.

या कामाला तो कुठे बसत नाही? रेडॅट कार्ड लावायला थंडरबोल्टचा वेगळा डबा लागतो. रॅम नंतर वाढत नाही. एम४ ला कमाल ३२, तीही घेतानाच ठरवायची. २४ जीबी आणि ५१२ जीबीचं मॉडेल ९९,९०० ला. उरलेल्या २५,१०० मध्ये थंडरबोल्टचा डबा आणि २ टीबीची बाहेरची डिस्क दोन्ही बसत नाहीत. कार्ड विकून दोन ॲडॅट इनपुटवाला यूएसबी इंटरफेस घ्यायचा, तर ९६ किलोहर्ट्झला १६ च्या जागी ८ चॅनेल येतात आणि ऑप्टिकलचा वेगळेपणाही हातचा जातो.

शिवाय एक बारीक गोष्ट. नवा मॅक ज्या मॅकओएससह येतो त्याच्या मागे नेता येत नाही. हा सिक्वोयासह येणार. प्लगइनवाल्यांपैकी (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट बनवणाऱ्यांपैकी) काही जण ‘अजून थांबा’ म्हणत असले तर थांबायलाच लागतं, परतीची वाट नाही. वर्षभरानं हा मुद्दा उरणार नाही, आज आहे.

६ नोव्हेंबर

निर्णय: असेंबल. कारण कार्ड, ऑप्टिकल केबल, ६४ जीबी रॅम, आणि बिघाड झाला तर सांगली-कोल्हापुरात त्याच दिवशी मिळणारे भाग. स्वस्त पडतं म्हणून नव्हे. ५९,९०० चा मॅक यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

प्रोसेसर: रायझन ७ ७७००. आठ कोअर, ६५ वॅट, आतच ग्राफिक्स. आतलं ग्राफिक्स इथे फार मोलाचं: वेगळं कार्ड नको, त्याचा पंखा नको, त्याच्या ड्रायव्हरचे धक्के नकोत, आणि मदरबोर्डचा वरचा मोठा स्लॉट रिकामा राहतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचे अस्थिर होत असल्याचं कंपनीनं जुलैमध्ये सांगितलं, आणि ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. वॉरंटीही वाढवली. नवा आणि अपडेट केलेला बोर्ड घेतला तर चालेल, पण जुन्या बाजारातला वापरलेला घेऊ नये. आधी काय सोसलंय ते कळत नाही.

दर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि सांगली इथले, गोळाबेरीज: प्रोसेसर २७,०००, बी६५० मायक्रो एटीएक्स बोर्ड १४,५००, डीडीआर५ ३२ जीबीच्या दोन स्टिक १७,५००, १ टीबी एनव्हीएमई ६,५००, २ टीबी १२,५००, कॅबिनेट ५,०००, ६५० वॅट गोल्ड एसएमपीएस ७,५००, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर ३,५००, विंडोज ११ १०,०००. एकूण १,०४,०००. मशीन भिंतीपलीकडे जाणार म्हणून फोम लावलेलं महाग कॅबिनेट रद्द केलं. अडगळीच्या खोलीत एप्रिलची उष्णता आहे, तिथे पुढून जाळीचं कॅबिनेट बरं.

रॅमच्या स्टिक दोनच घ्यायच्या. या प्रोसेसरला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६०० वर येतो. ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा डीडीआर४ च्या काळातला हिशेब इथे चालत नाही.

२ टीबीची डिस्क घेताना क्यूएलसी (एका पेशीत चार बिट भरणारी स्वस्त मेमरी) टाळली. कॅश भरली की तिचा लिहिण्याचा वेग एकदम पडतो, आणि तो पडतो नेमका मोठ्या बॅकअपच्या मध्यावर.

१४ नोव्हेंबर

असेंब्ली. क्रम आणि खबरदारी:

कॅबिनेटमधले स्टँडऑफ (ज्यांवर बोर्ड टेकतो ते खुंट) आधी मोजले. मायक्रो एटीएक्स बोर्डाला नको असलेला एक मध्ये होता, तो काढला. राहिला असता तर बोर्डाच्या पाठीला शॉर्ट.

पिना आता प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत. काळं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढायचं नाही. प्रोसेसर ठेवून खटका दाबला की ते आपोआप उडून येतं. ते जपून ठेवायचं, वॉरंटीला मागतात. कूलरसाठी फक्त वरच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या सोडवायच्या. बोर्डामागची मूळ प्लेट काढायची नाही, सॉकेट तिलाच धरून आहे. थर्मल पेस्ट मध्ये वाटाण्याएवढी, चार कोपऱ्यांना चार ठिपके.

रॅम सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कार्ड वरच्या मोठ्या स्लॉटमध्ये, जो थेट प्रोसेसरला जोडलेला आहे. छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये खुशाल चालतं. खालचे स्लॉट चिपसेटमार्गे जातात आणि काही बोर्डवर एम.२ शी वाटून घेतलेले असतात, म्हणून बोर्डाच्या पुस्तकातला नकाशा पाहूनच जागा ठरवायची.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळा. पंखे फिरतात, बाकी काही नाही. डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं. ६४ जीबीला कित्येक मिनिटं लागतात. या वेळी घाबरून वीज बंद केली तर पुन्हा पहिल्यापासून. साडेसहा मिनिटांनी चित्र आलं.

१६ नोव्हेंबर

बायोस नवा घातला. इको मोड: वीजमर्यादा ८८ वॅटवरून ६० च्या आसपास. एका कोअरच्या वेगावर जवळजवळ परिणाम नाही, उष्णता बरीच कमी. एक्स्पो (रॅम अधिकृतपेक्षा जास्त वेगानं चालवणारी सेटिंग) बंद, रॅम अधिकृत वेगावरच. वायफाय आणि ब्लूटूथ बायोसमधूनच बंद. रात्रभर मेमटेस्टचे चार पास, चूक शून्य. ही रात्र वाचवू नये. रॅममधली एखादी चूक महिन्याभरानं फाइलमध्ये उमटते आणि तेव्हा दोष प्लगइनला जातो.

१९ नोव्हेंबर

विंडोज बसलं, कार्ड ओळखलं, बफर ६४, १६ ट्रॅक. दर दोन-तीन सेकंदांनी एक ‘चट्’. जुन्या मशीनवर जे होत नव्हतं ते नव्यावर. असेंबल केलेल्या मशीनची ही खरी परीक्षा, आणि तयार मशीनवाल्याला आपण पैसे देतो ते हीच वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून.

लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालवला. एखादा ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवून धरतो ते तो दाखवतो. १.३३ मिलिसेकंदांच्या बफरमध्ये कुणी १ मिलिसेकंद अडवलं तर उरलं काय? सगळ्यात वरचा आकडा त्या मर्यादेच्या बाहेर, आणि तो नियमित अंतरानं येणारा. नियमित अंतर ही मोठी खूण आहे: कुणीतरी घड्याळ लावून काहीतरी विचारतंय.

२१ नोव्हेंबर

सापडलं. बोर्डाबरोबर येणारं दिवे आणि पंखे सांभाळणारं सॉफ्टवेअर. इंटरनेट जोडताच बायोसनं स्वतःहून ‘ड्रायव्हर बसवू का’ विचारलं होतं, तेव्हा तेही आत आलं. ते दर दोन सेकंदांनी बोर्डावरच्या तापमापकांना विचारणा करतं, आणि त्या विचारण्यात प्रोसेसर अडतो. काढून टाकलं, बायोसमधला तो पर्याय बंद केला, पंख्यांचा वेग बायोसमध्येच बांधला. ‘चट्’ गेला.

मधूनमधून एखादी बारीक खरखर राहिली होती. पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद केल्यावर तीही गेली. कार्ड डुलकी काढून जागं होताना ती येत होती. यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद. विंडोजचे आवाज बंद. अपडेटची वेळ रात्रीची.

एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर दहा मिनिटं चाचणी, हे सोडलं नाही. इंटरनेटवरच्या ‘पन्नास उपाय’ यादीतले सगळे एकदम लावले तर कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा अंधार. टायमरशी खेळणारे उपाय लावलेच नाहीत. सी-स्टेट (रिकाम्या प्रोसेसरची डुलकी) बंद करून पाहिलं. ऐकण्यात फरक नाही, तापमान वाढलं, पुन्हा चालू केलं.

शेवटी सॅम्पलरचा तोच तानपुरा, तोच रिव्हर्ब, ६४ वर तासभर. स्वच्छ. रॅम २२ जीबी वापरात.

२८ नोव्हेंबर

भिंतीला भोक पडलं. आधी खोली पूर्ण रिकामी केली. विटांची धूळ माइकच्या पडद्यावर बसली तर ती निघत नाही. पाइप खोलीकडे किंचित उतरता न ठेवता सरळ ठेवला, मोठं वळण दिलं. फायबर कोनात मोडली की सिग्नल जातो.

क्लॉकची, म्हणजे सगळ्या उपकरणांचे सॅम्पल एका तालात ठेवणाऱ्या घड्याळाची, गडबड अपेक्षित होती तशी झाली. दोन्ही प्रीॲम्प स्वतःच्या घड्याळावर होते. ९ ते १६ चॅनेलवर विखुरलेल्या टिकटिकी. पहिला प्रीॲम्प मालक केला, दुसरा बीएनसी केबलनं त्याच्या मागे, ७५ ओहमचं टर्मिनेशन चालू, आणि कार्डाला पहिल्या ॲडॅटचं घड्याळ धरायला सांगितलं. सगळ्या इनपुटसमोर ‘सिंक’ आल्याशिवाय रेकॉर्ड दाबायचं नाही. नुसतं ‘लॉक’ पुरत नाही. तेव्हा सिग्नल असतो, पण ताल वेगळा असतो.

वीज: सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरनं २ व्होल्टच्या आत, ठीक. घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसएमपीएस गुरगुरतो, म्हणून मशीन आणि प्रीॲम्प साइन वेव्ह यूपीएसवर. तो यूपीएसही अडगळीच्याच खोलीत, कारण त्याचा स्वतःचा पंखा आहे. त्या खोलीच्या दाराला वर आणि खाली जाळीच्या पट्ट्या बसवल्या. बंद खोलीत ६०-७० वॅट दिवसभर सोडले तर उन्हाळ्यात मशीन स्वतःचीच गरम हवा पीत राहील.

५ डिसेंबर

भिंतीपलीकडे असूनही पंख्यांचा वेग विचारपूर्वक बांधला. नवे पंखे नऊ पात्यांचे. ६०० फेऱ्यांवर सूर ९० हर्ट्झ: खरज ६९.३ आणि पंचम १०३.८ यांच्या मध्ये, दोन्हींपासून लांब. वेग स्थिर, ६५ अंशांपर्यंत बदलत नाही. चढ-उतार करणारा पंखा हळू असला तरी कानाला जास्त टोचतो. दुसऱ्या पट्टीचं वाद्य आलं तर हा हिशेब पुन्हा करायचा.

बायोसची प्रोफाइल पेनड्राइव्हवर जतन. पूर्ण सिस्टिम डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर. पावत्या एका पाकिटात, प्रत्येकावर वॉरंटीची तारीख मोठ्या अक्षरांत. असेंबल केलेल्या मशीनला एक कंपनी नसते, आठ असतात. पावतीची शाई उडते म्हणून फोटोही काढले.

११ डिसेंबर

पहिला खरा तानपुरा, काळी एक. माइक ३५ सेंटिमीटरवर, घोडीच्या जरा खाली. आधी रिकाम्या खोलीचं तेच ६० सेकंदांचं रेकॉर्डिंग: १०५ चा सुळका नाही, ९० वर काहीही नाही. पंचमाच्या दहा छेडी घेतल्या. तार एकसंध विरते, हेलकावा नाही, आणि विरता विरता वरचे स्वर एकामागून एक उलगडतात ते शेवटपर्यंत ऐकू येतात.

छेड पूर्ण संपल्यानंतर मात्र १०० हर्ट्झवर अगदी बारीक गुणगुण आहे. आधी पंख्याच्या आवाजाखाली ती दबली होती. पन्नास हर्ट्झच्या विजेची दुप्पट. व्हरांड्यातली जुनी ट्यूब बंद केली की जाते. तिचा चोक भिंतीला घट्ट बसवलेला आहे आणि भिंत वाजतेय. उद्या तो उतरवायचा, जागी एलईडीची पट्टी, तिला वीज देणारा ड्रायव्हर फाटकाच्या बाजूला. तोवर रेकॉर्डिंग दिवसा, ट्यूब बंद ठेवून. उरलेले तीन तानपुरे त्यानंतर.